त्वचेच्या तुकड्यात कर्करोग सापडला नाही, तरीही इन्फ्लमेटरी ब्रेस्ट कॅन्सर? आणि शस्त्रक्रियेआधी केमो कशासाठी?

प्रश्न : थोरली बहीण

माझ्या धाकट्या बहिणीविषयी लिहीत आहे. तिचे वय ४४ आहे आणि तिचे शेंडेफळ दहा वर्षांचे आहे, म्हणजे अंगावर पाजण्याचे दिवस केव्हाच मागे पडले. सात आठवड्यांपूर्वी तिचा उजवा स्तन एकाएकी जड वाटू लागला आणि खालच्या बाजूस लालसर डाग उमटला. आठ-दहा दिवसांत तो लालसरपणा जवळजवळ निम्म्या स्तनावर पसरला, त्वचा हाताला गरम लागू लागली आणि अंतर्वस्त्राच्या काठाचे वळ तासन्‌तास तसेच राहू लागले. गाठ कुठेच लागत नव्हती, ताप नव्हता, दुखणेही बेताचेच होते. सुरुवातीला स्तनाला संसर्ग झाला असावा असे समजून सात दिवस अँटिबायोटिक दिले गेले. फरक पडला नाही म्हणून दुसरे, अधिक तीव्र अँटिबायोटिक दहा दिवस दिले गेले. मधल्या काळात काढलेल्या मॅमोग्राफीच्या अहवालात ‘त्वचा जाड झालेली आहे, गाठ दिसत नाही’ असे लिहिले होते आणि आम्ही त्या शेवटच्या तीन शब्दांवर विसंबून राहिलो, याची बोचणी मला आजही आहे.

पुढे एका स्तनरोगतज्ज्ञांनी त्वचेवरचे संत्र्याच्या सालीसारखे खळगे पाहताच त्याच दिवशी सोनोग्राफी केली. काखेत वाढलेल्या लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) आणि स्तनात एक अस्पष्ट कडांचा भाग दिसला. दोन्ही ठिकाणची सुईने बायोप्सी आणि त्वचेची एक पंच बायोप्सी घेतली गेली. स्तनात आणि काखेत आक्रमक कर्करोग, ग्रेड ३, ईआर आणि पीआर (पेशींवरच्या हार्मोनच्या खुणा) निगेटिव्ह, हर-टू (पेशींची वाढ वेगाने करणारे प्रथिन) ३+ असा अहवाल आला. त्वचेच्या तुकड्यात मात्र कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत.

त्या तज्ज्ञांचे निदान इन्फ्लमेटरी ब्रेस्ट कॅन्सर असे आहे आणि आधी केमो, मग शस्त्रक्रिया, मग रेडिएशन असा क्रम त्यांनी सांगितला आहे. दुसऱ्या एका शल्यचिकित्सकांचे म्हणणे असे की त्वचा स्वच्छ असल्यामुळे हा साधा पुढच्या टप्प्यातला कर्करोग आहे आणि स्तन लगेच काढता येईल. घरातली सगळी वडीलधारी मंडळी दुसऱ्या मताच्या बाजूने आहेत, कारण ‘शत्रू घरात असताना महिनोन्‌महिने वाट कशाची पाहायची’ हा त्यांचा प्रश्न मलाही खोडून काढता येत नाही. कोणाचे मत बरोबर मानावे, आणि निर्णयाला किती दिवस घेतले तर चालतील?

उत्तर १ : पॅथॉलॉजी विभागात काम करणारा

आपल्या पहिल्या शंकेचे उत्तर माझ्या कामाच्या कक्षेतले असल्यामुळे तेवढ्यावरच सविस्तर लिहितो.

इन्फ्लमेटरी ब्रेस्ट कॅन्सर हे नाव सूक्ष्मदर्शकातून पाहून दिले जात नाही. ते स्तनाकडे पाहून आणि रुग्णाची हकीकत ऐकून दिले जाते. लालसरपणा, सूज किंवा संत्र्याच्या सालीसारखी त्वचा ही लक्षणे झपाट्याने आलेली असावीत, त्यांना सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ झालेला नसावा आणि लालसरपणाने स्तनाचा किमान एक तृतीयांश भाग व्यापलेला असावा, असे आज सर्वत्र मानले जाणारे निकष आहेत. स्तनात गाठ असलीच पाहिजे अशी अट त्यात नाही. आमच्याकडून हवी असते ती फक्त एक गोष्ट, ती म्हणजे कुठल्यातरी तुकड्यात आक्रमक कर्करोग असल्याचा पुरावा, आणि तो आपल्या बहिणीच्या बाबतीत स्तन आणि काख अशा दोन ठिकाणांहून मिळालेला आहे.

आता त्वचेविषयी. १९२४ साली ली आणि टॅनेनबॉम यांनी या आजाराला दाहाचे नाव दिले खरे, पण जंतुसंसर्गात होतो तसा दाह येथे नसतो. कर्करोगाच्या पेशींचे बारीक पुंजके त्वचेतल्या लसिकावाहिन्यांमध्ये जाऊन अडकतात, लसिकेचा निचरा तुंबतो आणि त्वचा फुगते. केसांची मुळे मात्र आपापल्या जागी ओढलेली राहतात, म्हणून त्यांच्याभोवती खळगे दिसतात. हे पुंजके सगळीकडे सारखे पसरलेले नसतात. पंच बायोप्सीत काही मिलिमीटर व्यासाचा तुकडा निघतो आणि त्यातून आम्ही त्याहूनही पातळ काप पाहतो. इतक्या लहानशा भागात पुंजका सापडला तर निदानाला बळकटी येते. सापडला नाही तर त्या ठिकाणी तो नव्हता एवढेच म्हणता येते. त्यामुळेच किमान दोन जागांचे तुकडे घ्यावेत अशी तज्ज्ञांची शिफारस आहे. तरीही हे निदान झालेल्या अनेक रुग्णांच्या त्वचेत पुंजके सापडतच नाहीत, आणि तेवढ्यावरून निदान रद्द होत नाही.

दुसऱ्या डॉक्टरांनी ज्या प्रकाराचा उल्लेख केला, त्यात सहसा गाठ अनेक महिने किंवा वर्षे वाढत असते आणि शेवटी त्वचेपर्यंत पोहोचून ती लाल करते किंवा फोडते. नोंदींमध्ये त्याला टी४बी आणि इन्फ्लमेटरी प्रकाराला टी४डी म्हणतात. दोन्हींत भेद करणारी मुख्य गोष्ट म्हणजे क्रम : आधी गाठ आणि मग लाली, की कुठलीही गाठ जाणवण्यापूर्वीच आठवड्या-दोन आठवड्यांत लाली. आपण दिलेली हकीकत दुसऱ्या वर्णनाशी तंतोतंत जुळते. हर-टू ३+ असल्यामुळे त्यासाठी पुन्हा फिश चाचणी (हर-टू जनुकाच्या प्रती मोजणारी) करण्याची आवश्यकता नाही. ती २+ असताना लागते.

उत्तर २ : कर्करोगतज्ज्ञ, औषधोपचार

प्रत्यक्ष न तपासता कोणत्याही एका रुग्णाविषयी निर्णय देणे योग्य नाही, म्हणून या आजाराची सर्वमान्य उपचारपद्धती आणि तिच्यामागची कारणे सांगतो.

वडीलधाऱ्यांचा प्रश्न स्वाभाविक आहे आणि त्याला आदराने उत्तर दिले पाहिजे. इन्फ्लमेटरी प्रकारात आधी शस्त्रक्रिया करण्यात दोन अडचणी असतात. पहिली अशी की, डोळ्यांना लाली जिथे संपलेली दिसते तिथे आजार संपलेला नसतो. लसिकावाहिन्यांतून तो त्या सीमेच्या पुढे गेलेला असतो. त्यामुळे सर्जनने कितीही रुंद छेद घेतला तरी तो आजारी त्वचेतूनच जाण्याची शक्यता राहते, जखम नीट भरत नाही आणि छातीच्या भिंतीवर, टाक्यांच्या रेषेतच आजार पुन्हा उगवतो. दुसरी अडचण याहून मोठी आहे. हा आजार समोर येतो तेव्हाच सूक्ष्म रूपाने रक्तात आणि दूरच्या अवयवांत पोहोचलेला असण्याचा संभव फार असतो, आणि स्तन काढल्याने त्या पेशींना काहीच होत नाही. उलट जखम भरेपर्यंतचे आठवडे त्यांना मोकळे मिळतात. केवळ शस्त्रक्रियेवर किंवा केवळ रेडिएशनवर भिस्त ठेवली जात असे त्या काळात पाच वर्षे जगणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण शंभरात पाचही नव्हते. औषधे, शस्त्रक्रिया आणि रेडिएशन या तिन्हींचा याच क्रमाने वापर सुरू झाल्यावर ते चित्र बदलले. म्हणून घरच्यांना असे सांगा की केमो म्हणजे वाट पाहणे नव्हे. शत्रू जिथे जिथे गेला आहे तिथे तिथे पहिल्या दिवसापासून पोहोचणारा उपचार तोच आहे.

हर-टू पॉझिटिव्ह असणे हे ऐकायला भीतिदायक वाटते, कारण अशा पेशी वेगाने वाढतात; परंतु नेमक्या त्याच खुणेला धरून काम करणारी औषधे आज उपलब्ध आहेत. ट्रास्टुझुमॅब १९९८ साली आणि पर्टुझुमॅब २०१२ साली अमेरिकेत प्रथम मान्य झाले. शस्त्रक्रियेपूर्वी केमोबरोबर ही दोन्ही औषधे दिली असता अनेक रुग्णांच्या काढलेल्या स्तनात आणि काखेत जिवंत कर्करोगाचा अंशही सापडत नाही. केमोमध्ये टॅक्सेन गटातले औषध बहुधा असतेच. अँथ्रासायक्लिन गटातले द्यायचे की कार्बोप्लॅटिन, हे हृदयाची स्थिती आणि इतर गोष्टी पाहून ठरवले जाते. हा टप्पा साधारणपणे चार ते सहा महिने चालतो. अँथ्रासायक्लिन आणि ट्रास्टुझुमॅब ही दोन्ही हृदयाच्या स्नायूवर परिणाम करू शकतात, म्हणून सुरुवातीला आणि पुढे दर तीन महिन्यांनी इकोकार्डिओग्राफी केली जाते. ती चुकवू नये.

उपचार सुरू होण्यापूर्वी आजार किती पसरला आहे हे पाहणे आवश्यक आहे. निदानाच्या वेळीच दूरवर पसरलेला असण्याचे प्रमाण या प्रकारात इतर स्तनकर्करोगांपेक्षा बरेच जास्त असल्यामुळे पेट-सीटी, किंवा छाती-पोटाचा सीटी आणि हाडांचा स्कॅन, केला जातो. दुसऱ्या स्तनाचीही तपासणी व्हायला हवी. वय ५० पेक्षा कमी असल्यामुळे बीआरसीए जनुकांच्या (आनुवंशिक स्तनकर्करोगाशी संबंधित) चाचणीविषयी विचारा, पण तिच्या निकालासाठी केमो थांबवू नका. मासिक पाळी चालू असल्यास गर्भधारणेची चाचणी आधी करतात आणि उपचारांच्या काळात गर्भ राहू नये याची काळजी घ्यावी लागते.

किती दिवस घेता येतील, असे आपण विचारले आहे. तिसरे मत घ्यायचे असेल तर अवश्य घ्या, पण ते याच आठवड्यात, बायोप्सीचे ब्लॉक, काचा आणि स्कॅन सोबत नेऊन घ्या. आणि शक्यतो अशा ठिकाणी घ्या जिथे औषधोपचार, शस्त्रक्रिया आणि रेडिएशनचे तज्ज्ञ एकत्र बसून निर्णय करतात. इतर स्तनकर्करोगांत दोन-चार आठवडे इकडे-तिकडे झाले तर मी रुग्णाला धीर देतो. येथे मी तसे करणार नाही. ज्या आजाराने दहा दिवसांत निम्मा स्तन व्यापला, त्याला महिनाभराची सवलत देता येत नाही.

उत्तर ३ : उपचार पूर्ण केलेली एक

ताई, मला हाच आजार झाला होता, डावीकडे, आणि आता उपचार संपून चौथे वर्ष चालू आहे. माझे निदान होण्यात तीन महिने गेले. एकदा तर गळू समजून सुई घालून पाहिले गेले आणि त्यातून पू निघालाच नाही. तरीही पुढची पायरी म्हणून आणखी एक अँटिबायोटिकच लिहून दिले गेले. तुमच्या बहिणीचे निदान सात आठवड्यांत झाले आहे. बोचणी वाटते ती मी समजू शकते, पण तिच्यात आता शक्ती घालवू नका.

डॉक्टरांनी सांगितले त्यात मी एका गोष्टीची भर घालते, जी मला माझ्या सर्जननी केमोच्या आदल्या दिवशी करायला लावली. स्तनाची छायाचित्रे काढून ठेवा : समोरून, दोन्ही बाजूंनी, हात वर करून, चांगल्या उजेडात, आणि लालीची कड पेनाने आखून. माझी लाली केमोच्या दुसऱ्या मात्रेनंतर फिकी पडू लागली आणि चौथ्या मात्रेपर्यंत पूर्ण नाहीशी झाली. मग सर्जनना किती त्वचा काढायची आणि रेडिएशनच्या डॉक्टरांना किरण कुठपर्यंत द्यायचे, हे त्या छायाचित्रांवरूनच ठरवता आले. छायाचित्रे नसती तर तो नकाशा कायमचा पुसला गेला असता.

आणि नेमका तोच काळ मनाने फार अवघड असतो, हे बहिणीला आधीच सांगून ठेवा. स्तन पुन्हा पूर्वीसारखा दिसू लागला की वाटते, आता कशाला काढायचा? मी डॉक्टरांसमोर अक्षरशः हात जोडले होते. त्यांनी मला समजावले की दिसणारी लाली गेली तरी त्वचेच्या वाहिन्यांत तुरळक पेशी उरू शकतात आणि त्या एका जागी नसल्यामुळे या आजारात स्तन वाचवणारी शस्त्रक्रिया सुरक्षित मानली जात नाही. वरची त्वचा राखून आत भरण करण्याची शस्त्रक्रियाही त्याच कारणाने करत नाहीत. नव्याने स्तन घडवायचा असल्यास तो रेडिएशन संपून काही महिने गेल्यावर. मी अजून करून घेतलेला नाही. कदाचित घेणारही नाही, पण तो दरवाजा उघडा आहे हे माहीत असल्यामुळे तेव्हा धीर आला.

केमोत ताप ३८ अंश सेल्सिअसच्या वर गेला तर सकाळची वाट न पाहता, अपरात्री असला तरी, रुग्णालयात जायचे, हे घरातल्या प्रत्येकाला पाठ असू द्या. तोंडात फोड येतात, मऊ ब्रश आणि कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या यांनी मला आराम पडला. बोटांना मुंग्या येऊ लागल्या तर लगेच सांगायला सांगा. मी ‘सहन होतेय’ म्हणून दोन मात्रा गप्प राहिले आणि माझी पावले आजही थोडी बधिर आहेत.

उत्तर ४ : रेडिएशन विभागातून

वरच्या उत्तरांत रेडिएशनचा उल्लेख ओझरता आला आहे, म्हणून थोडेसे. शस्त्रक्रियेनंतरच्या अहवालात कर्करोगाचा अंशही उरलेला नाही असे आले तरी या आजारात रेडिएशन टाळत नाहीत, याची कुटुंबाला आताच कल्पना असावी. त्या दिवशी सर्वांना इतका आनंद होतो की ‘आता आणखी कशाला’ हा प्रश्न हमखास येतो. छातीची भिंत, गळपट्टीच्या हाडावरच्या आणि छातीच्या मध्यहाडालगतच्या लसिकाग्रंथी असा विस्तृत भाग घेतला जातो आणि त्वचेलाही पुरेशी मात्रा पोहोचेल अशी आखणी केली जाते, त्यामुळे शेवटच्या आठवड्यांत त्वचा भाजल्यासारखी लाल होते. ती लाली पाहून आजार परतला अशी भीती वाटू शकते. ती किरणांची असते आणि बहुतेकदा काही आठवड्यांत उतरते.

काखेबद्दलही एक. केवळ पहिल्या एक-दोन ग्रंथी काढून पाहण्याची पद्धत या प्रकारात भरवशाची नाही, कारण तुंबलेल्या वाहिन्यांतून शोधक रंग नीट वाहत नाही. काखेतल्या ग्रंथींचा थर काढावा लागतो, त्यावर पुन्हा रेडिएशन, त्यामुळे हाताला सूज येण्याचा धोका खरोखरच मोठा आहे. फिजिओथेरपिस्टची भेट शस्त्रक्रियेपूर्वीच घ्या आणि दोन्ही दंडांचा घेर मोजून लिहून ठेवा. सूज डोळ्यांना दिसण्यापूर्वी टेपला कळते.

थोरली बहीण

सर्वांची मनापासून ऋणी आहे. ही उत्तरे मी छापून काढली आणि काल रात्री घरी सर्वांसमोर मोठ्याने वाचली. आजार दिसतो त्या सीमेच्या पुढे गेलेला असतो आणि कापलेल्या कडेवरच पुन्हा उगवतो, हे ऐकल्यावर तिच्या सासऱ्यांनी स्वतःहून सांगितले की आधी औषधच घेऊ या. दुसऱ्या शल्यचिकित्सकांनाही आम्ही सहा महिन्यांच्या आणि एक तृतीयांश भागाच्या निकषांविषयी विचारले. लालीची सुरुवात नेमकी कधी झाली हे आमच्याकडून त्यांना नीट सांगितले गेले नव्हते, आणि ते कळल्यावर त्यांनी आपले मत बदलले. पहिल्या भेटीत आम्ही फक्त अहवाल पुढे केले होते, हकीकत सांगितली नव्हती.

पेट-सीटीत स्तन आणि काख यांखेरीज कुठे काही दिसलेले नाही. इको व्यवस्थित आहे. पहिली मात्रा परवा आहे. छायाचित्रांचा मुद्दा कोणीच सांगितला नव्हता; ती आज संध्याकाळी काढणार आहोत. माझी एकच शंका उरली आहे. शस्त्रक्रियेनंतर हर-टूची औषधे थांबतात का?

उत्तर ५ : कर्करोगतज्ज्ञ, औषधोपचार

थांबत नाहीत. काढलेल्या ऊतींत काहीच उरलेले नसेल तर ट्रास्टुझुमॅब, आवश्यकतेनुसार पर्टुझुमॅबसह, एकूण एक वर्ष पूर्ण होईपर्यंत चालू ठेवतात. कर्करोगाचा अंश उरलेला असेल तर त्याऐवजी टी-डीएम१ हे औषध दर तीन आठवड्यांनी, १४ मात्रांपर्यंत, देण्याची पद्धत आहे. ट्रास्टुझुमॅबलाच केमोचा रेणू जोडून ते बनवलेले आहे. ईआर आणि पीआर निगेटिव्ह असल्यामुळे हार्मोनच्या गोळ्यांचा तिला उपयोग नाही, म्हणून त्या लिहून दिल्या नाहीत तर काही राहून गेले असे समजू नये.

उत्तर ६ : उपचार पूर्ण केलेली एक

परवा जाताना पुढून उघडणारा, सैल बाह्यांचा सदरा घालायला सांगा, आणि छायाचित्रांवर तारीख लिहायला विसरू नका. त्यांची एक प्रत फाइलमध्ये लावा, केवळ फोनमध्ये ठेवू नका.